मुरूम काढलेल्या सड्यावर पुन्हा रानफुलं: बी कुठून आणायचं याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याचे सपाट सडे पसरलेले आहेत. कास पठार त्यातलं सगळ्यात गाजलेलं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात महाराष्ट्रातल्या कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर कासही आलं. कासच्या आजूबाजूला मात्र छोटे-मोठे कितीतरी सडे आहेत. त्यांची नावं फक्त गावच्या गुराख्यांना ठाऊक असतात, आणि श्रावण-भाद्रपदात तेही तितकेच भरून फुलतात. यातले बरेच सडे मालकीचे आहेत. सातबाऱ्यावर त्यांची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून असते, त्यामुळे विकताना किंवा खणताना कुणाचा हात फारसा अडखळत नाही.

हे प्रकरण अशाच एका सड्याचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

सडा तीन भावांच्या सामाईक मालकीचा. थोरल्या भावाला गावात सगळे आबा म्हणतात. जवळच्या घाटरस्त्याच्या कामाला मुरूम हवा होता, ठेकेदाराने दर बरा दिला, आणि भावांनी सड्याचा एक कोपरा खणायला दिला. जेसीबीने सुमारे पाऊण एकर जागा कमरेइतकी खोल सोलून काढली. वरची काळपट माती ठेकेदाराच्या कामाची नव्हती, म्हणून ती कडेला ढीग करून टाकली. काम संपलं, ट्रक गेले. त्यानंतर दोन पावसाळे लोटले. खड्ड्याच्या तळाशी लाल डबकं साचायचं, उतारावर ओघळी पडल्या होत्या, आणि ट्रकच्या वाटेच्या कडेने गाजर गवत नि रानमोडी ही उपरी तणं आत शिरायला लागली होती.

मला गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी बोलावलं. वनस्पतींची ओळख पटवून देणं आणि विचारलं तर सल्ला देणं एवढंच माझं काम होतं. निर्णय गावाने घेतले, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या निर्णयांमध्येच आहे.

अडचण

पहिल्या बैठकीत दोन वेगवेगळ्या तक्रारी पुढे आल्या. सड्याखाली ज्यांची नाचणीची वरकस जमीन आणि त्याखाली भाताची खाचरं आहेत, त्यांचं म्हणणं सरळ होतं: दरसाल लाल गाळ खाचरात येतो, तो थांबवा. तरुण मंडळाचं म्हणणं निराळं होतं. कासला दिवसाला जास्तीत जास्त ३००० पर्यटकांना प्रवेश असतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बरीच माणसं आजूबाजूला जागा शोधत फिरतात. आपल्या सड्यावर फुलं असली तर ती इकडे येतील, बचत गटाच्या पिठलं-भाकरीला गिऱ्हाईक मिळेल. मंडळाने वर्गणीही काढली होती. अट एकच, पुढच्या गणपतीपर्यंत फुलं दिसली पाहिजेत.

दोन्ही बाजूंना जमीन झाकली जायला हवी होती. पण किती घाईने आणि कशाने, यावर सगळं अवलंबून होतं. आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली. सोनकी, कवला, निलिमा, सड्यावरचा बुटका तेरडा यांचं बी मिळतं कुठे? तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मेथीपासून झेंडूपर्यंत सगळं होतं, यातलं काहीच नव्हतं.

ते तिथे नसण्याला कारणं आहेत. या झाडांची लागवड कुणी करत नाही. एकाच झाडावर एक शेंग पिकलेली, दुसरी कोवळी आणि तिसरं अजून फूलच अशी स्थिती असते, त्यामुळे एकदम कापणी करता येत नाही. बी बारीक, हलकं, आणि बऱ्याच जातींमध्ये झोपेत असतं. पावसाळा संपताना गळलेलं बी लगेच उगवलं तर पुढच्या कोरड्या आठ महिन्यांत रोप मरेल, म्हणून ते उन्हाळा काढल्याशिवाय जागंच होत नाही. ओल्या फडक्यात उगवण तपासून पाहणाऱ्या दुकानदाराला असं बी मेलेलं वाटतं. शिवाय सड्यांवरच्या कितीतरी जाती जगात फक्त पश्चिम घाटाच्या याच पट्ट्यात आहेत. त्यांचा बाजार होणार तरी कसा?

समोर आलेले पर्याय

मंडळातल्या एका मुलाने ऑनलाइन ‘रानफुलांचं मिश्र बियाणं’ शोधून काढलं होतं. पाकिटावरचं चित्र सुंदर होतं, किंमत परवडणारी होती, आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलं येतील असं लिहिलं होतं. आत काय आहे ते नीट वाचलं तर कॉसमॉस, झिनिया, गेलार्डिया. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, त्यातल्या कॉसमॉस आणि झिनिया मेक्सिकोकडच्या. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पिवळा-नारिंगी कॉसमॉस कसा पसरलाय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गणपतीपर्यंत फुलं हवीत ही अट हा एकच पर्याय पुरी करत होता, म्हणून बैठकीत त्याला जोर होता.

दुसरा पर्याय खालच्या शेतकऱ्यांचा. तलावातला गाळ आणि शेणखत टाकून खड्डा भरायचा आणि गवत लावायचं. गाळ थांबवण्याच्या दृष्टीने हे चुकीचं नव्हतं. पण सड्यावरची झाडं उपाशी जमिनीची झाडं आहेत. जांभ्यावरची माती बोटभर, धो-धो पावसात धुतलेली, नत्र नि स्फुरद जवळजवळ नसलेली. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं इथे किडे पकडून खातात ते याच टंचाईपायी. अशा जागी खत घातलं की फायदा होतो तो उंच गवताला आणि गाजर गवताला. बुटकी फुलझाडं सावलीत गुदमरतात.

तिसरा, शेजारच्या चांगल्या सड्यावरून मातीसकट ढेकळं काढून इथे लावायची. हा पर्याय ऐकायला सोपा आहे आणि मला सगळ्यात धोकादायक वाटतो. एक जखम भरायला दुसरी करायची, आणि तीही अशा ठिकाणी जिथे बोटभर माती साठायला पिढ्यानपिढ्या गेल्या आहेत. हा पर्याय चर्चेत फार टिकला नाही. आबांनीच तो मोडीत काढला.

चौथा, आजूबाजूच्या सड्यांवरून बी गोळा करायचं. पाचवा, काहीच न करता सोडून द्यायचं. तो मी मुद्दाम मांडला होता, कारण बऱ्याचदा तोच खरा शहाणपणाचा असतो. शेजारी चांगला सडा असेल तर बी वाऱ्याने, पाण्याने, गुरांच्या खुरांनी आपोआप येतं. इथे मात्र ओघळी दरवर्षी खोल होत होत्या आणि रानमोडी दारात उभी होती.

ढीग

निर्णयाला वळण मिळालं ते आबांच्या घरातून. काकी चहा देता देता म्हणाल्या, “आवं सर, बी बी काय धुंडताय? त्या ढिगावर गेल्या साली तेरडा किती आलेला, गौरीला तिथनंच आणला की पोरींनी.”

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही ढीग नीट पाहिला. खड्ड्यात जिथे उघडा मुरूम होता तिथे जवळपास काहीच नव्हतं. ढिगाच्या पाठीवर मात्र तेरडा, केना, कुर्डू, मधूनमधून सोनकी, आणि तीन-चार जातींचं गवत माजलं होतं. ठेकेदाराने निरुपयोगी म्हणून बाजूला लोटलेली ती माती म्हणजे या सड्याचं बियाणं होतं. वर्षानुवर्षं गळलेलं बी मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत साठून राहतं. सगळं दरसाल उगवत नाही, काही मागे राहतं. एखाद्या साली पावसाने दगा दिला, तरी पुढच्या साली झाडं येतात ती या साठ्यातून.

त्याच वेळी चिंताही होती. माती ढीग करून ठेवली की आतलं बी खोल गाडलं जातं. बारीक बी इतक्या खोलातून वर येऊ शकत नाही; ओल आणि उबेने आतच अंकुरून मरतं किंवा कुजतं. दोन पावसाळे होऊन गेले होते. म्हणजे ढिगाची पाठ जिवंत, पोट बहुधा रिकामं.

आणखी एक पेच होता. हा ढीग आबांच्या चुलत भावाने आपल्या नाचणीच्या बांधाला भर घालायला आधीच मागितला होता, आबांनी शब्दही दिला होता. गावात दिलेला शब्द मागे घेणं सोपं नसतं. शेवटी अदलाबदल ठरली. खड्ड्याच्या तळाशी साचलेला लाल गाळ आणि मंडळाच्या वर्गणीतून दोन ट्रॉली शेणखत त्यांच्या बांधाला, ढीग सड्याला. चुलत भावाचा यात फायदाच झाला. पण हे बोलणं त्या महिन्यात झालं नसतं तर दिवाळीनंतर ढीग बांधावर गेला असता, आणि पुढचं सगळं प्रकरण वेगळं झालं असतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

बी कुणाच्या जमिनीवरून घ्यायचं

ढीग पाऊण एकराला पुरणार नव्हता, त्यामुळे बी गोळा करणं आलंच. सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात भरलेला सडा होता राखीव वनातला. मुलांचं म्हणणं, मूठभर बी घेतलं तर कुणाला कळणार आहे? राखीव वनातून परवानगीशिवाय फूल, बी, कंद काढणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, हे एक झालं. पण सरांनी मुलांना जे सांगितलं ते मला जास्त पटलं: आज आपण पिशवी घेऊन तिथे गेलो, तर उद्या कंद खणायला येणाऱ्याला अडवायला आपल्याला तोंड राहणार नाही. कळलावीच्या कंदांसाठी आणि मुसळीसाठी डोंगर उकरणारी माणसं या भागाला नवी नाहीत.

म्हणून वनाची हद्द सोडली. गावातले आणि शेजारच्या वाडीतले मालकीचे सडे, बांध, पायवाटांच्या कडा एवढ्यातूनच घ्यायचं ठरलं. प्रत्येक मालकाला विचारलं. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. इथे ती कागदावर होती. तिची बैठक घेऊन कुठून काय घेतलं याची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करायला सुरुवात झाली. या निमित्ताने ती वही पहिल्यांदा उघडली गेली.

किती लांबून बी आणायचं यावरही बोलणं झालं. कुणाचातरी पाहुणा रत्नागिरीकडचा, तिथल्या सड्यावरून बी पाठवतो म्हणाला. कोकणातले आणि गोव्यातले सडेही जांभ्याचेच, फुलांच्या कित्येक जातीही सारख्या. पण ते समुद्रसपाटीजवळचे उबदार सडे आणि हा हजार मीटरच्या वरचा, धुक्यातला. तिथल्या झाडाचं फुलायचं नि बी धरायचं वेळापत्रक तिथल्या हवेला जुळलेलं असतं. नम्रपणे नको म्हटलं. चालत जाऊन परत येता येईल एवढ्याच अंतरावरून बी घ्यायचं, हा नियम झाला.

बी गोळा करणं

इथे खरं कसब लागलं, आणि ते बचत गटाच्या बायकांकडे होतं.

पहिली गोष्ट म्हणजे खुणा. सप्टेंबरमध्ये फुललेला सडा नोव्हेंबरात सगळा एकच वाळका तपकिरी दिसतो. कोणती काडी कशाची ते ओळखता येत नाही. म्हणून फुलं असतानाच काड्या रोवून त्यांना जुन्या साड्यांच्या रंगीत चिंध्या बांधल्या. पिवळी सोनकीला, हिरवी कवल्याला, जांभळी निलिमाला. नावाबद्दल शंका आली की फोटो आणि वाळवलेला नमुना पुण्याला वनस्पतीशास्त्राच्या जाणकारांकडे जायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आणि आघारकर संशोधन संस्था, दोन्हीकडे या भागातल्या वनस्पतींचे वाळवलेले संग्रह आहेत, त्यामुळे या कामाला पुण्याचा मोठा आधार आहे.

प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी उडून जातं. त्याला वरून खुडायचं नाही. अख्खं बोंड मुठीत धरायचं आणि मुठीतच फुटू द्यायचं. सोनकीचं बी पांढऱ्या केसांच्या झुपक्यासकट वाऱ्यावर जातं. झुपका उमलला आणि अजून उडाला नाही, हा अवधी फार छोटा असतो. ऊन तापून वारा सुटण्याआधी सकाळी जाऊन डोकी अलगद कापडी पिशवीत झटकायची. कवल्याच्या, म्हणजे मुलं जिला मिकीमाऊस म्हणतात त्या पिवळ्या फुलाच्या, शेंगेचे सांधे एकेक करून सुटतात. खाली सूप धरून झाड हलवलं की पुरतं. केना आणि निलिमाची बोंडं थोडी थोडी, जसजशी पिकतील तशी, पुन्हा पुन्हा फेऱ्या घालून वेचावी लागतात. हस्ताचा पाऊस लांबला की सगळंच पुढे सरकतं, आणि ओलं गोळा केलेलं बी दोन दिवसांत बुरशी धरतं.

किती घ्यायचं याला मर्यादा होती. एका जागेवरच्या पिकलेल्या बीपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये, हा जंगली बी गोळा करणाऱ्यांमध्ये जगभर मानला जाणारा दंडक आहे. इथली बहुतेक झाडं एका पावसाळ्यात जन्मून मरणारी. त्यांना पुढचं वर्ष बघायला बीशिवाय दुसरा मार्ग नाही, म्हणून हात आणखी आखडता घेतला. जिथे एखाद्या जातीची मोजकीच झाडं दिसली तिथून काहीच घेतलं नाही.

काही जाती मुद्दाम यादीबाहेर ठेवल्या. आमरीच्या कुळातल्या हबेनारियांचं बी धुळीसारखं असतं आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही. कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती दुर्मीळ आहेत. त्यांच्यावर काम करायला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या संस्था आहेत, हौशी हातांनी त्यात पडू नये. चवर ही पांढऱ्या फुलोऱ्याची, फक्त सह्याद्रीतली वनस्पती. ती कंदावर जगते, आणि कंद खणायचा नाही हे ठरलेलंच होतं. कारवीचा प्रश्न वेगळा. ती ठरावीक वर्षांच्या अंतराने एकदम फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये अशी फुलली. आपल्या डोंगराचं वर्ष कुठलं हे स्थानिक म्हाताऱ्यांना विचारून नोंदवहीत लिहून ठेवणं एवढंच आज हातात होतं.

गोळा केलेलं बी सावलीत वाळवलं, सुपाने पाखडलं, कापडी पिशव्यांत भरून जात, जागा, तारीख लिहिली. काकींनी कडधान्याच्या बियाण्याला करतात तसं मडक्यात राखेचा थर देऊन ठेवलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या नाहीत.

पेरणी

आता वाद पडला तो पेरणी कधी करायची यावरून. निसर्गात बी नोव्हेंबरात जमिनीवर पडतं आणि उन्हाळाभर तापतं. मग लगेच का टाकू नये? उलट बाजूने, उघड्या मुरमावर बी टाकलं तर वारा आणि मुंग्या किती ठेवतील? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं, म्हणून बी निम्मं निम्मं केलं. निम्मं हिवाळ्याच्या तोंडाशी खड्ड्याच्या पूर्वेच्या भागात, जिथे ढिगाची माती पोचणार नव्हती. निम्मं मडक्यात ठेवून मृगाच्या आधी धूळपेरणीसारखं.

मे महिन्यात ढीग पसरला. जेसीबी आत आणला नाही. घमेली आणि फावडी. आधी उतारावर आडव्या, गुडघ्याएवढ्या दगडी ताली रचल्या, आणि माती तालींच्या वरच्या अंगाला बोटभर जाडीने पसरली. कातळाचे जे तुकडे उघडे होते ते उघडेच ठेवले, तळातलं डबकंही बुजवलं नाही. याला विरोध झाला. खड्डा सपाट झाल्याशिवाय काम पुरं झालं असं लोकांना वाटत नाही. पण सड्यावर दर काही पावलांवर ओलं-कोरडं बदलतं आणि तशी फुलंही बदलतात. गेंद आणि सीतेची आसवं यांना पाणी साचलेली, जेमतेम मातीची जागाच लागते.

बारीक बी वाळूत मिसळून फोकलं, वरून माती ओढली नाही. सोनकीसारखं बी गाडलं की संपलं. कवल्याचं कवच कठीण, म्हणून ते वाळूत हलकं चोळून घेतलं.

गुरं आणि वणवा

मंडळाला तारेचं पक्कं कुंपण हवं होतं. कासला तसं कुंपण होतं, हे त्यांचं मुख्य कारण. त्याच कासचा दाखला उलट बाजूनेही आला: कुंपणामुळे चराई थांबली, गवत वाढलं आणि बुटकी फुलं कमी झाली अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षं झाली, आणि पुढे ते कुंपण काढलं गेलं. सडा म्हणजे माणूस आणि जनावर दोघांच्या वावराने घडलेलं रान आहे. ज्यांची गुरं इथे चरतात ती माणसंही बैठकीत होती, आणि त्यांना वगळून केलेलं कुंपण एका रात्रीत तुटलं असतं.

तडजोड निघाली. मृगापासून बी गळेपर्यंत करवंदीच्या फांट्यांची आडकाठी. दिवाळीच्या सुमारास ती काढून गुरांना मोकळं. गुरं गवत खातात, खुरांनी बी जमिनीत बसवतात, एका सड्यावरचं दुसऱ्या सड्यावर नेतात. वणव्यासाठी डिसेंबरात चारी बाजूंनी जाळपट्टा काढायचं काम मंडळाने अंगावर घेतलं.

काय उगवलं

गणपतीपर्यंत फुलं दिसली. पर्यटकांनी फोटो काढावेत इतकी मात्र नाही. पहिल्या पावसाळ्यात ढिगाच्या मातीच्या पट्ट्यांवर तेरडा, केना, कुर्डू आणि गवत आलं. पट्ट्यांच्या मधला मुरूम उघडाच होता. त्यामुळे मंडळ नाराज झालं, आणि त्या नाराजीत एका मुलाने वाटेच्या कडेला कॉसमॉसचं एक पाकीट फोकलं. ते फुलल्यावरच लक्षात आलं. सरांनी रागावण्याऐवजी वर्गच तिथे नेला आणि बी धरण्याआधी सगळं उपटलं. तरी पुढच्या साली पुन्हा काही रोपं आली, तीही उपटली. गाजर गवतही फुलायच्या आधी दरवर्षी काढावं लागतं.

दुसऱ्या पावसाळ्यात चित्र बदललं. सोनकी तालींच्या वरून उताराकडे सरकली, निलिमा आली, कवला आला. हिवाळ्यात टाकलेल्या आणि मृगाआधी पेरलेल्या बीमध्ये फरक दिसला: पूर्वेकडे तेरडा आणि सोनकी विरळ, कवला मात्र तिकडेच जास्त भरला. उन्हाळ्याच्या तापाने कठीण कवच सैल पडलं असावं, असा माझा अंदाज. डबक्याच्या काठाला गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांचा निळसर पट्टा न पेरता उमटला. शेजारच्या पाणथळीतून गुरांच्या खुरांना लागलेल्या चिखलातून ते आलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

चवर आलेली नाही, आमरी नाही, आणि ज्या भागात मुरूम अगदी कातळापर्यंत खरवडला गेला तिथे शेवाळापलीकडे काही नाही. खाचरात येणारा लाल गाळ पुष्कळ कमी झाला आहे हे खालचे शेतकरी स्वतः सांगतात. पर्यटक येतात ते थोडे, पण थांबतात, आणि शाळेची मुलं त्यांना फुलांची नावं सांगतात. पिठलं-भाकरीची गिऱ्हाइकं वाढली, मंडळाने मनात धरली होती तेवढी नाही.

बी विकायचं का?

तिसऱ्या वर्षी शहरातल्या एका बाग-रचनाकाराचा निरोप आला. त्यांना पुण्याच्या पूर्वेकडच्या एका फार्महाऊससाठी सोनकी आणि तेरड्याचं बी किलोने हवं होतं, पैसे चांगले देणार होते. बचत गटाला या पैशाची गरज आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सोपा वाटला नाही आणि आजही वाटत नाही.

कायद्याने स्थानिक लोकांना सवलत आहे, पण व्यापारी उपयोगासाठी बी नेणाऱ्याला राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं, आणि स्थानिक समितीला शुल्क आकारता येतं. त्याहून मोठा मुद्दा जमिनीचा. सोनकीचं किलोभर बी म्हणजे किती सड्यांवरचं किती बी! समितीने ठरवलं की सड्यावरचं बी विक्रीला द्यायचं नाही. शाळेच्या परसात वाफे करून तिथे तेरडा आणि कुर्डू वाढवायचे, आणि त्या वाफ्यातलं बी, तेही याच डोंगराच्या आसपास लावणाऱ्याला, द्यायचं. सोनकी वाफ्यात अजून नीट जमलेली नाही.

त्या रचनाकारांना मी एवढंच सुचवलं की फार्महाऊसच्या आजूबाजूचे बांध आणि टेकड्या एक पावसाळा बघा. पुण्याच्या पूर्वेला सड्याची फुलं तगणार नाहीत. तिथे माळरानाची गवतं आणि माळरानाची फुलं आहेत, आणि कुसळीत, मारवेलात लपलेली ती फुलं कमी देखणी नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, खणण्यापूर्वी एक पावसाळा त्या कोपऱ्याची यादी करायला हवी होती. आज काय परत आलं ते सांगता येतं, काय गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. ढीग त्याच उन्हाळ्यात पसरला असता तर आतलं बीही कामी आलं असतं. पहिल्या वर्षापासून ठरावीक चौकटी आखून त्यातली झाडं मोजली असती तर हिवाळी पेरणी की धूळपेरणी यावर अंदाजाऐवजी उत्तर मिळालं असतं. मुलांनी या चौकटी आता आखल्या आहेत. आणि गणपतीची अट पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवायला हवी होती. तीन पावसाळे लागतील हे मंडळाला तेव्हाच स्पष्ट सांगितलं असतं तर कॉसमॉसचं पाकीट फुटलं नसतं.

सडा खणायला द्यायचाच नाही, हा पर्याय कुठल्याच यादीत नव्हता, कारण यादी करायची वेळ आली तोवर तो संपला होता. शेजारच्या वाडीत या वर्षी पुन्हा मुरमाची मागणी आली आहे. तिथल्या मालकांनी सड्याऐवजी जुनी, आधीच फुटलेली खाण देऊ केली आहे. तरीही सड्याला हात लागलाच तर वरचा वितभर थर वेगळा काढायचा, गुडघ्यापेक्षा उंच रचायचा नाही आणि मृगाच्या आत परत पसरायचा, असं कलम आबांनी स्वतः बसून त्या कराराच्या मसुद्यात लिहवून घेतलं आहे. ठेकेदाराची सही अजून व्हायची आहे.